टॉटनहॅमच्या स्टेडियमवर मॅच बघायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची कोल्हापूरची, गेली बरीच वर्षं लंडनच्या हॅरो भागात राहते. दरवर्षी गावाकडून कोणी ना कोणी येतं आणि बॅगा खाली ठेवायच्या आत विचारतं, "एखादी मॅच बघायला मिळेल का गं?" महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीतही हाच विषय निघतो. फोनवर तीच उत्तरं देता देता वाटलं, एकदा सगळं नीट लिहून काढावं. मी टॉटनहॅम हॉटस्पर या लंडनच्या फुटबॉल क्लबच्या मॅचना जाते, म्हणून हे सगळं त्यांच्या स्टेडियमबद्दल आहे. यातलं बरंचसं इंग्लंडमधल्या दुसऱ्या मोठ्या मैदानांनाही लागू पडेल.

लंडनमध्ये इतके क्लब असताना टॉटनहॅमच का?

कोल्हापुरात कुणी हा प्रश्न विचारत नाही. ज्या पेठेत वाढलात, जिथल्या कट्ट्यावर बसलात, तिथली तालीम, म्हणजे तिथला फुटबॉल संघ, तुमची. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, कुठली ते घरानंच ठरवलेलं असतं. मी लंडनला आले तेव्हा पहिली भाड्याची खोली उत्तर लंडनमध्ये सेव्हन सिस्टर्सजवळ होती. मॅचच्या दिवशी पांढऱ्या शर्टातली माणसं घोळक्यानं खिडकीखालून उत्तरेकडे चालत जायची, आजोबा आणि नातू एकाच रंगात. मला कोल्हापुरात शाहू स्टेडियमकडे मॅचला निघालेली गर्दी आठवायची. एके दिवशी मीही त्यांच्यामागून चालत गेले.

मागच्या वेळी आबा आले होते, माझे वडील. स्टेडियमच्या दारात उभं राहून त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला, "यांची तालीम कुठली?" या क्लबची सुरुवात १८८२ साली झाली. क्रिकेट क्लबात खेळणाऱ्या शाळकरी पोरांना हिवाळ्यात खेळायला काही हवं होतं, म्हणून त्यांनी फुटबॉलचा क्लब काढला. हे सांगितल्यावर आबांचा चेहरा खुलला. क्रिकेटची पोरं म्हटल्यावर त्यांना क्लब ओळखीचा वाटायला लागला.

हे स्टेडियम नेमकं किती नवं आहे?

३ एप्रिल २०१९ रोजी इथं प्रीमियर लीगची, म्हणजे इंग्लंडमधल्या सगळ्यात वरच्या फुटबॉल स्पर्धेची, पहिली मॅच झाली, क्रिस्टल पॅलेसविरुद्ध. पहिला गोल टॉटनहॅमच्या कोरियन खेळाडूचा, सन ह्युंग-मिनचा, आणि निकाल २-०. बसायच्या जागा ६२,८५०. त्याआधी याच ठिकाणी व्हाइट हार्ट लेन हे जुनं मैदान होतं, १८९९ पासून २०१७ पर्यंत. ते पाडलं तेव्हा त्याच्या काँक्रीटचा चुरा करून नव्या स्टेडियमच्या फरशीत मिसळला. आत हिंडताना तुम्ही जुन्या मैदानावरच चालत असता. जुन्या प्रेक्षकांना ही गोष्ट फार जवळची वाटते, आणि मलाही.

दक्षिणेच्या स्टँडवर सोनेरी कोंबडा दिसेल. तो क्लबचं चिन्ह. मूळचा कोंबडा १९०९ साली घडवला होता, हा त्याची मोठी प्रतिकृती. मूळ कोंबड्यावर क्लबचा जुना खेळाडू पॉल गॅस्कॉइन यानं छऱ्याच्या बंदुकीतून नेम धरला होता, त्याचे पोचेसुद्धा नव्या कोंबड्यावर तसेच ठेवलेत.

कुठल्या महिन्यात यावं?

हे आधी वाचा, कारण चूक इथंच होते. आपल्याकडची मंडळी मुलांकडे येतात ती मे-जूनमध्ये, शाळांच्या सुट्टीत, इकडे ऊन असतं म्हणून. आणि नेमका त्याच वेळी हंगाम संपलेला असतो. लीग ऑगस्टच्या मध्याला सुरू होते आणि मे महिन्यात संपते. जून-जुलैत मैदान रिकामं. तेव्हा मॅच बघायची इच्छा असेल तर सप्टेंबरनंतर या किंवा मार्च-एप्रिलमध्ये या.

हंगामातही मधेच काही आठवडे लीग थांबते. सगळे खेळाडू आपापल्या देशाच्या संघाकडून खेळायला जातात तेव्हा. शरद ऋतूत आणि मार्चमध्ये असे खंड पडतात. उलट डिसेंबरच्या शेवटी मॅचची रीघ लागलेली असते. थंडी सोसवत असेल तर नाताळचे दिवस उत्तम.

मॅचची तारीख बघून विमानाचं तिकीट काढू का?

नको. वेळापत्रक जूनमध्ये जाहीर होतं, पण त्यातल्या तारखा कच्च्या असतात. टीव्हीवाले मॅच निवडतात तशा त्या हलतात. शनिवारी दुपारी तीनला लिहिलेली मॅच रविवारी साडेचारला जाते, कधी सोमवारी रात्री. लंडनमध्ये त्या मॅचच्या मागेपुढे दोन-तीन दिवस मोकळे असतील असाच बेत करा.

शनिवारी तीनच्या मॅच इंग्लंडमध्ये टीव्हीवर थेट दाखवत नाहीत. दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात थेट प्रक्षेपण बंद असतं, म्हणजे लोक आपल्या गावातल्या छोट्या क्लबच्या मैदानावर जातील. ही प्रथा मला मनापासून आवडते.

तिकीट कसं मिळतं?

क्रिकेटसारखं आयत्या वेळी खिडकीवर जाऊन मिळत नाही. चार वाटा आहेत.

पहिली, क्लबचं वार्षिक सदस्यत्व. थोडे पैसे भरून सदस्य झालात की तिकीटविक्री सुरू होते तेव्हा तुमचा नंबर आधी लागतो. मोठ्या मॅचची तिकिटं बहुतेक सदस्यांतच संपतात. घरातल्या दोघांना जायचं असेल तर दोघांनी सदस्य व्हावं लागतं.

दुसरी वाट हीसुद्धा सदस्यांसाठीच, पण लोकांना माहीत नसते. ज्यांच्याकडे अख्ख्या हंगामाचं तिकीट असतं त्यांना एखाद्या मॅचला जमलं नाही तर ते आपली जागा क्लबच्याच वेबसाइटवर परत विकायला ठेवतात. ठरलेल्या किमतीत, एक पैसाही जास्त नाही. 'सगळी तिकिटं संपली' असं लिहिलेलं असलं तरी मॅचच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत या जागा एक-एक करून उगवत राहतात. चहा पिताना, बसमध्ये बसल्यावर, झोपण्याआधी, पान उघडून बघत राहायचं. आबांसाठीची जागा मला अशीच मिळाली, मॅचच्या आदल्या रात्री.

तिसरी, जेवणासकटची महागडी पॅकेजेस. त्याला सदस्यत्व लागत नाही. पैसे असतील आणि तारीख एकच असेल तर हा खात्रीचा मार्ग.

चौथी वाट मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. प्रतिस्पर्धी कोण आहे यावर तिकिटाची किंमत ठरते. आर्सेनल, चेल्सी, लिव्हरपूल यांचा हट्ट सोडा. मधल्या फळीतला एखादा संघ किंवा कपातली (हरला तो बाद अशा स्पर्धेतली) सुरुवातीची फेरी निवडा. तिकीट स्वस्त आणि मिळायला सोपं. स्टेडियम तेच, गवत तेच, गाणीही तीच.

दुसऱ्या एखाद्या वेबसाइटवरून जास्त पैसे देऊन घेतलं तर?

घेऊ नका. इंग्लंडमध्ये क्लबच्या परवानगीशिवाय फुटबॉलची तिकिटं विकणं हा १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. क्लबनं ते तिकीट रद्द केलं की दारावर काही चालत नाही. माझ्या चुलतभावानं अशा एका वेबसाइटवरून मूळ किमतीच्या तिप्पट पैसे मोजले होते. बायको आणि मुलाला घेऊन फाटकाशी पोचला, फोन टेकवला तर लाल दिवा. आतून गाण्याचे आवाज येत होते आणि सहा वर्षांचा पोरगा विचारत होता, "आपण आत कधी जायचं?" तो प्रसंग मला अजून टोचतो, म्हणून इतक्या ठासून सांगते आहे.

तिकीट कागदावर मिळतं का?

नाही, फोनमध्ये येतं. फाटकावर फोन टेकवायचा की दार उघडतं. तिकीट घरीच वाय-फायवर उघडून फोनच्या वॉलेटमध्ये घालून ठेवा. स्टेडियमबाहेर हजारो फोन एकदम चालू असतात आणि नेट रांगत असतं. बॅटरी पूर्ण भरून निघा. आईबाबा फोनला सरावलेले नसतील तर त्यांना तुमच्या पुढे उभं करा आणि त्यांचा फोन तुम्ही टेकवा.

कुठली जागा चांगली?

या प्रश्नावर मी तासभर बोलू शकते.

मैदान इतकं जवळ आहे की पहिल्यांदा आत गेल्यावर माणूस दचकतो. पहिल्या रांगेपासून रेषा ५ ते ८ मीटरवर. गोलकीपर ओरडून काय सांगतो ते ऐकू येतं, चेंडूला लाथ बसल्याचा तो बद आवाज छातीत जाणवतो. पण पहिल्यांदा येणाऱ्याला मी अगदी खालची जागा सुचवत नाही. खालून सगळे पाय दिसतात, खेळ दिसत नाही. वरच्या मजल्यावर बसलात तर कुठला बॅक, म्हणजे बचावातला खेळाडू, पुढे सरकला, मागं किती जागा मोकळी पडली, कोण हात वर करून पास मागतोय, हे सगळं नकाशासारखं उलगडतं. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो, म्हणून ही गोष्ट टीव्हीवर कधीच कळत नाही. वरची जागा स्वस्त असते हा आणखी एक फायदा.

दक्षिणेचा स्टँड वेगळाच. बाकी तिन्ही बाजू मजल्यांमध्ये विभागलेल्या आहेत, पण ही बाजू खालपासून वरपर्यंत एकसंध भिंतीसारखी चढत जाते, १७,५०० जागा एकाच उतारावर. चढ इतका उभा आहे की पुढच्याचं डोकं कधी आडवं येत नाही. स्टेडियम बांधतानाच आवाजाचा विचार करून छत आणि मागची भिंत आखली आहे. गाणं तिथून सुटतं आणि छताला आपटून सगळ्या मैदानावर पसरतं. तिथं जागा मिळाली तर नव्वद मिनिटं उभं राहायची आणि ओरडायची तयारी ठेवा. आबांना मी पूर्वेच्या बाजूला नेलं होतं. तिथून उजवं-डावं सारखं दिसतं, आणि दक्षिणेचं गाणं अंगावर येताना दिसतंही.

ईशान्येच्या कोपऱ्यात पाहुण्या संघाचे लोक असतात. त्यांच्या जवळची जागा मिळाली तर दोन्ही बाजूंची गाण्यांची जुगलबंदी ऐकायला मिळते. मोठ्या मुलांना मजा येते, लहानांना मात्र तिथं नेऊ नका.

स्टेडियमला कसं जायचं?

गाडी नको. मॅचच्या दिवशी आजूबाजूच्या रस्त्यांवर रहिवाशांशिवाय कुणाला गाडी लावू देत नाहीत.

सगळ्यात जवळचं स्टेशन व्हाइट हार्ट लेन, स्टेडियमपासून पाच मिनिटांवर. लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनहून ओव्हरग्राउंडची, म्हणजे जमिनीवरच्या लोकलची, गाडी मिळते. या मार्गाला आता वीव्हर लाइन म्हणतात आणि नकाशावर तो गडद तांबडा दिसतो. भुयारी रेल्वेनं येणार असाल तर व्हिक्टोरिया लाइननं सेव्हन सिस्टर्सला उतरा आणि हाय रोडवरून सरळ उत्तरेला अर्धा तास चाला. हॅरो-वेम्ब्लीकडची मंडळी मेट्रोपॉलिटन लाइननं किंग्ज क्रॉसला येऊन तिथं व्हिक्टोरिया लाइन पकडू शकतात.

मी जाताना नेहमी चालत जाते. वाटेत तुर्की बेकरी, आफ्रिकन किराणा, कॅरिबियन कोंबडीची दुकानं, आणि प्रत्येक दुकानात पांढऱ्या शर्टातलं कुणीतरी. हा भाग श्रीमंत नाही. एवढ्या साध्या वस्तीत एवढं प्रचंड चकाकतं स्टेडियम, हे बघून काही जण अस्वस्थ होतात आणि वाढत्या भाड्यांमुळे इथले जुने दुकानदार काळजीत असतात हेही खरं. त्या रस्त्यावर थोडे पैसे खर्च करा. चहा तिथंच प्या.

किती वेळ आधी पोचायचं?

कमीत कमी दीड तास. तपासणीची रांग असते, आणि आत गेल्यावर बघण्यासारखं बरंच आहे. खेळाडू सरावाला साधारण पाऊण तास आधी येतात. गोलकीपर सगळ्यात आधी. मॅच सुरू व्हायच्या आधीची शेवटची पाच मिनिटं जागेवरच असा, कारण संघ मैदानात येतानाचं गाणं चुकलं तर निम्मी मॅच चुकली.

कपडे काय घालावेत?

पांढरा किंवा गडद निळा रंग असेल तर छान. लाल नको. शेजारच्या आर्सेनलचा रंग लाल आणि त्यांच्याशी इथली ईर्षा पाटाकडील-दिलबहारसारखीच कडवी आहे. साध्या लाल स्वेटरवरून कुणी भांडणार नाही, पण दुसऱ्या संघाचा शर्ट घालून घरच्या प्रेक्षकांत बसायला परवानगी नाही. दारावर थांबवतात.

डिसेंबर ते फेब्रुवारीत रात्रीच्या मॅचला थंडी हाडात शिरते, कारण आपण दोन तास एका जागी बसलेले असतो. आतून गरम बनियन, दोन मोजे, कानटोपी. छत सगळ्या जागांवर आहे, तरी वारा असला की पुढच्या रांगांत पाऊस येतो. छत्रीपेक्षा टोपीवालं जाकीट बरं.

बॅग नेता येते का?

शाळेच्या मोठ्या वहीएवढी, म्हणजे ए-फोर कागदापेक्षा मोठी नाही. विमानतळावरून थेट सुटकेस घेऊन येऊ नका. काचेच्या बाटल्या, पेयांचे पत्र्याचे डबे, सुटी लेन्स लावायचे मोठे कॅमेरे आत नेऊ देत नाहीत. फोननं हवे तेवढे फोटो काढा.

रोख पाउंड चालतात का?

चालत नाहीत. उघडलं त्या दिवसापासून या स्टेडियममध्ये रोख पैसे घेतलेले नाहीत. कार्ड किंवा फोन. भारतातलं कार्ड आणत असाल तर परदेशातले व्यवहार आणि नुसतं टेकवून पैसे भरायची सोय, दोन्ही निघण्याआधी बँकेत सुरू करून घ्या.

शाकाहारी खायला मिळतं का?

मिळतं. चिप्स, पिझ्झा, भाज्यांचे बर्गर वगैरे. दक्षिणेच्या स्टँडमागे खाण्याच्या गाळ्यांची मोठी रांग आहे आणि ६५ मीटर लांबीचा एक बार. पण सासूबाईंसारखं कांदा-लसूण न खाणारं कुणी सोबत असेल किंवा पोटभर आपलं जेवण हवं असेल तर युस्टन स्टेशनमागच्या ड्रमंड स्ट्रीटवर आधी जेवून घ्या. तिथं शाकाहारी भारतीय जेवण वर्षानुवर्षं मिळतं, आणि युस्टनहून तीच व्हिक्टोरिया लाइन थेट सेव्हन सिस्टर्सला नेते.

बिअर घेऊन जागेवर बसता येतं का?

नाही. मैदान जिथून दिसतं तिथं पुरुषांच्या वरच्या लीगमधल्या फुटबॉल मॅचमध्ये दारू पिणं इंग्लंडमध्ये १९८५ च्या कायद्यानं बंद आहे. मागच्या मोकळ्या जागेतच पिऊन यायचं. खाणं जागेवर नेता येतं.

लोक उभे राहतात असं ऐकलं. मग खुर्च्या कशाला?

याचं उत्तर थोडं लांब आहे, पण ते माहीत असल्याशिवाय इंग्लंडमधल्या स्टेडियममध्ये बसू नये असं मला वाटतं.

पूर्वी इथंही शाहू स्टेडियमसारख्या पायऱ्या असायच्या, खुर्च्या नव्हत्या. माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहायची आणि मैदानात कुणी घुसू नये म्हणून पुढे लोखंडी जाळी असायची. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टची कपाची उपांत्य मॅच होती. बाहेर गर्दी वाढली तेव्हा पोलिसांनी एक मोठं फाटक उघडलं. लोंढा आधीच भरलेल्या मधल्या कप्प्यांत शिरला आणि पुढची माणसं जाळीवर चिरडली गेली. ९७ जण गेले, त्यांत पुष्कळ पोरसवदा होते. पुढे अनेक वर्षं दोष प्रेक्षकांवरच ढकलला गेला. घरच्यांनी लढा सोडला नाही, आणि २०१६ साली चौकशीच्या ज्युरीनं स्पष्ट सांगितलं की चूक प्रेक्षकांची नव्हती.

त्या दुर्घटनेनंतर न्यायमूर्ती टेलर यांचा अहवाल आला, जाळ्या गेल्या, आणि वरच्या दोन लीगमधल्या मैदानांत सगळीकडे खुर्च्या आल्या. पण लोकांना गाताना उभं राहायचंच होतं. शेवटी २०२२ च्या जानेवारीत पाच क्लबांना प्रयोग म्हणून परवानगी मिळाली, त्यांत टॉटनहॅम होतं. उभं राहायच्या भागात प्रत्येक रांगेत कमरेएवढा दांडा असतो, त्यामुळे ढकलाढकल झाली तरी कुणी पुढच्यावर कोसळत नाही. प्रत्येकाची जागा तरीही ठरलेलीच.

म्हणून स्टेडियमचा माणूस जेव्हा "पायऱ्यांवर थांबू नका" असं सांगतो, तेव्हा लगेच बाजूला व्हा. कोल्हापुरात भरलेल्या पायऱ्यांवर आणखी दहा जण घुसवताना मी पाहिलंय. आता ते आठवलं की पोटात खड्डा पडतो.

आईबाबांना गुडघ्यांचा त्रास आहे, त्यांना झेपेल का?

झेपेल. लिफ्ट आहेत, व्हीलचेअरसाठी वेगळ्या जागा आहेत. तिकीट काढण्याआधी क्लबला कळवा, वरची उभी चढण टाळा, आणि उभं राहणाऱ्यांच्या भागाच्या लगतची जागा घेऊ नका. एखादा क्षण आला की तिथं सगळेच उठतात आणि बसलेल्या माणसाला काही दिसत नाही. गोंगाट सहन न होणाऱ्या मुलांसाठी शांत खोली आहे, प्रार्थनेसाठीही वेगळी खोली आहे.

मुलांना न्यावं का? शिव्या फार असतात म्हणे.

शिव्या असतात. कुटुंबांसाठी राखलेल्या भागात जागा घेतलीत तर बऱ्याच कमी. मुलांना सवलतीचं तिकीट मिळतं. टॉटनहॅमचे काही लोक स्वतःला एका शब्दानं हाक मारतात, तो मुळात ज्यू लोकांना हिणवायला वापरला जायचा. क्लबला ज्यू पाठीराख्यांची मोठी परंपरा आहे आणि काही जण तो शब्द अभिमानानं घेतात, पण २०२२ मध्ये खुद्द क्लबनंच तो सोडून द्यायचं आवाहन केलं. तुम्ही तो म्हणू नका आणि मुलांनाही समजावून सांगा.

रंगावरून किंवा देशावरून कुणी काही बोललं तर गप्प बसायचं नाही. मैदानात वर्णद्वेषी घोषणा देणं १९९१ पासून गुन्हा आहे. जवळच्या चमकत्या जाकिटातल्या माणसाला रांग आणि खुर्चीचा नंबर सांगा. माझा स्वतःचा इतक्या वर्षांचा अनुभव चांगला आहे. सन ह्युंग-मिन इथं होता त्या दहा वर्षांत तर कोरियाहून इतकी माणसं यायची की आशियाई चेहऱ्याचं कुणाला नवल उरलं नव्हतं.

मला फुटबॉलमधलं फारसं कळत नाही. कंटाळा येईल का?

नाही येणार. दोन हाफ, प्रत्येकी ४५ मिनिटं, मधे १५ मिनिटांची विश्रांती, आणि वाया गेलेला वेळ वर मोजून देतात. ऑफसाइड एवढं लक्षात ठेवा: पास सुटतो त्या क्षणी पुढचा खेळाडू समोरच्या संघाच्या शेवटून दुसऱ्या माणसाच्या पुढे नसावा. त्या शेवटच्या दोघांत सहसा एक गोलकीपर असतो.

गोल झाल्यावर लोक नाचतात आणि मग एकदम श्वास रोखून मोठ्या पडद्याकडे बघतात. व्हिडिओवर तपासणी चालू असते. ते थांबणं मला आवडत नाही. गोलाचा आनंद असा हप्त्यानं घ्यायचा नसतो. पूर्वी पंच काय ठरवलं ते मैदानातल्या लोकांना सांगतच नसत. जानेवारी २०२५ मध्ये लीग कपाच्या उपांत्य फेरीत, याच स्टेडियमवर लिव्हरपूलविरुद्ध, इंग्लंडच्या क्लब फुटबॉलमध्ये पहिल्यांदा पंचानं माइकवरून निर्णय सांगितला. पैसे देऊन आलेल्याला निदान कारण तरी कळायला हवं.

गाणी येत नाहीत, मग काय करू?

ऐका. मुख्य गाणं अगदी सावकाश सुरू होतं, ओढून ओढून, आरतीच्या पहिल्या ओळीसारखं. मग वेग वाढतो आणि टाळ्या लागतात. दुसऱ्यांदा होईपर्यंत तुम्ही म्हणायला लागलेले असता. आबांना इंग्रजी फारसं येत नाही, पण तिसऱ्या वेळी ते टाळी बरोबर समेवर देत होते.

मैदान सरकतं हे खरं आहे का?

खरं आहे. गवताचं मैदान तीन लांब तुकड्यांत विभागलेलं आहे. ते तुकडे दक्षिणेच्या स्टँडखाली सरकतात आणि खालून कृत्रिम गवताचं दुसरं मैदान वर दिसतं, अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यांसाठी. साधारण २५ मिनिटांत हे होतं. मॅचच्या दिवशी मात्र ते बघायला मिळत नाही.

सुट्टीत मॅचच नसेल तर?

स्टेडियम आतून दाखवणारी सहल घ्या. खेळाडूंची खोली, बोगदा, मैदानाची कड, सगळं बघता येतं. उंचीची भीती नसेल तर छतावरून चालायची सोयही आहे, जमिनीपासून ४६.८ मीटरवर. दक्षिणेच्या स्टँडखाली गो-कार्टचा ट्रॅकसुद्धा आहे, मुलं तिथून हलत नाहीत. पण मी खरं सांगते, रिकामं स्टेडियम आणि भरलेलं स्टेडियम या दोन वेगळ्या जागा आहेत.

महिलांच्या मॅचला जावं का?

नक्की जा. महिला संघाच्या बहुतेक मॅच पूर्व लंडनच्या ब्रिस्बेन रोड मैदानावर होतात, काही या मोठ्या स्टेडियमवर. १७ नोव्हेंबर २०१९ रोजी इथं आर्सेनलविरुद्धच्या मॅचला ३८,२६२ लोक आले होते, तो त्या लीगचा तेव्हाचा विक्रम. तिकीट स्वस्त, सहज मिळणारं, आणि मुली घेऊन आलेली कुटुंबं खूप. मी लहान असताना शाहू स्टेडियमवर बायका जवळपास नसायच्या. आबांच्या हाताला धरून गेलेली मी एकटीच पोरगी असायचे. इथं आठ-दहा वर्षांच्या पोरी खेळाडूंची नावं लिहिलेले शर्ट घालून कठड्याशी उभ्या असतात, तेव्हा मी मॅच सोडून त्यांच्याकडेच बघत राहते.

मॅच संपल्यावर परत कसं यायचं? गर्दी असते ना?

खूप असते. व्हाइट हार्ट लेन स्टेशनबाहेर रांग लावून थोडी थोडी माणसं आत सोडतात. घाई नसेल तर अर्धा-पाऊण तास स्टेडियममध्येच थांबा, आतले गाळे मॅचनंतरही उघडे असतात. नाहीतर सरळ सेव्हन सिस्टर्सपर्यंत चालत निघा. शेवटच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवा. आणि दहा मिनिटं आधी उठून निघणाऱ्यांच्या नादी लागू नका. २०१९ साली चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत ॲमस्टरडॅमच्या आयॅक्सविरुद्ध टॉटनहॅमचा तिसरा गोल वर मोजून दिलेल्या वेळेच्या शेवटच्या क्षणांत झाला होता आणि त्या एका गोलावर संघ अंतिम फेरीत गेला.

आणि संघ हरला तर?

आबा आले त्या दिवशी हरलाच. बाहेर पडताना मला वाईट वाटत होतं, एवढ्या लांबून आले आणि हे बघावं लागलं. हाय रोडवर सगळे मान खाली घालून चालले होते. शेजारून जाणाऱ्या एका म्हाताऱ्यानं आबांच्या गळ्यातला नवा पांढरा मफलर बघितला आणि नुसती मान हलवली. आबांनीही तशीच हलवली. मग सेव्हन सिस्टर्स येईपर्यंत ते मला दुसऱ्या हाफमध्ये डावा बॅक कसा दोनदा पुढे अडकला आणि मागची जागा कुणी भरायला हवी होती ते हातवारे करून सांगत होते. गाडीत बसल्यावर म्हणाले, "पुढची मॅच कुणाबरोबर आहे यांची?"